वेल्फ घराण्याची वंशावळ

जर्मनीतील वेल्फ घराण्याची पुरुषशाखा १०५५ साली खुंटली. कॅरिंथियाचा ड्यूक तिसरा वेल्फ निपुत्रिक वारला. मरतेसमयी त्याने आपली सारी मालमत्ता आल्टडॉर्फच्या मठाला देऊ केली. परंतु त्याची आई इमिझा हिने ते दान मानले नाही. इटलीतील एस्टे घराण्यात दिलेली तिची कन्या कुनिगुंडे; तिचा पुत्र इमिझाने बोलावून घेतला. हा दौहित्र म्हणजेच चौथा वेल्फ. १०७० मध्ये तो बव्हेरियाचा ड्यूक झाला. पुढचे सारे वेल्फ, इतकेच काय, १७१४ साली ब्रिटनच्या गादीवर आलेला हॅनोव्हरचा पहिला जॉर्जही पितृकुळाने एस्टेच! नाव तेवढे आजोळचे. ११७० च्या सुमारास रचलेल्या घराण्याच्या लॅटिन इतिहासाने आजीचा हा निर्णय लपविलेला नाही.