नकाशातून नाहीसा झालेला खांब

(जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यानाचा मजकूर)



पूर्वी देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की गवंडी, ओळंबा आणि सुतळी एवढ्यावर भागत असे. आता नकाशे संगणकावर होतात. त्यासाठीचे रेव्हिट हे सॉफ्टवेअर २००० साली बाजारात आले व २००२ साली ऑटोडेस्क कंपनीने ते घेतले. साध्या नकाशात नुसत्या रेघा असतात. यात भिंत ही भिंत म्हणूनच भरतात, जाडी, उंची व साहित्यासह. जणू अख्खे देऊळच संगणकात उभे राहते, आणि कागदावर उतरते ते त्याचे एका बाजूचे दर्शन.

घोटाळा होतो तो इथेच. कागदावर खांब दिसला नाही की पाहणाऱ्याला वाटते, खांब नाहीच. मग कोणी तोच खांब पुन्हा काढतो आणि सिमेंट-लोखंडाच्या हिशेबात तो दोनदा चढतो. कपाशी विकून दिलेल्या वर्गणीचा असा चुराडा होऊ नये.

जाणकार म्हणून आधी साहित्याचा तक्ता काढतो. एखाद्या नकाशापुरती लपवलेली वस्तू तक्त्यात मोजलेली असतेच. तक्त्यात खांब सोळा आणि नकाशात चौदा, तर दोन कुठेतरी दडले आहेत. पडद्याच्या तळाशी दिव्याचे चिन्ह असते. ते दाबले की लपवलेल्या वस्तू किरमिजी रंगात उमटतात. ती वस्तू निवडून पुन्हा उघड करता येते.

दिवा लावूनही काही दिसले नाही, तर छेदाची उंची पाहावी. नकाशा म्हणजे जमिनीपासून सुमारे चार फुटांवर देऊळ आडवे कापून वरून खाली पाहणे. त्यामुळे वरची तुळई त्यात येत नाही, आणि पाहण्याची खोली वाढवल्याशिवाय जोत्याखालचा पायाही सहसा येत नाही. वऱ्हाडातली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. इथे पैसा जिरतो तो पायातच, आणि नेमका तोच नजरेआड राहतो!

जीर्णोद्धारात मात्र खरा चकवा टप्प्यांचा. प्रत्येक वस्तूला जुनी, पाडलेली की नवी अशी खूण असते. गाभाऱ्याच्या उभ्या भिंतीला चुकून ‘पाडलेली’ अशी खूण झाली, तर नव्या नकाशातून ती नाहीशी होते. दिव्यालाही ती सापडत नाही. खूणच दुरुस्त करावी लागते. दर्यापूर तालुक्यातील लासूरच्या आनंदेश्वरासारख्या हेमाडपंती देवळात दगडाचा भार दगडावरच असतो. तिथे अशा नकाशावर विसंबून पहार मारणे म्हणजे वरचे सारे खाली आणणे. अनेकांनी मिळून काम केले असेल, तर कोणाचा कामाचा गट बंद तर नाही, हेही विचारावे. बंद गटातली वस्तू तक्त्यातसुद्धा येत नाही.

आणि जे संगणकात कोणी भरलेच नाही, त्याचे काय? मे २०२४ च्या अखेरीस पंढरपूरच्या श्रीविठ्ठल मंदिरात संवर्धनाचे काम चालू असता हनुमान दरवाजाजवळ फरशीखाली तळघर आढळले. त्यात जुन्या मूर्ती निघाल्या. तेव्हा मोजमाप घेताना फरशी ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला, तर तेवढा भाग जपून उघडून मोजावा आणि मगच तो नकाशात भरावा.