मैदानाचा माळी आणि त्याचा डावा हात

(भाग ऐकायला वेळ न मिळालेल्यांसाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप. अडखळलो होतो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

इअरफोन असतील तर लावा, कारण आजच्या माणसाचं वाजवणं मोबाइलच्या स्पीकरवर अर्धंच ऐकू येतं. डावा हात हरवतो. आणि डावा हात हरवला तर या माणसात काही उरतच नाही.

आधी एक कबुली. गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज करून एकच प्रश्न विचारलाय, "दादा, नोकरी सोडून पूर्णवेळ पॉडकास्ट कधी?" मी दिवसा ऑफिसला जातो आणि रात्री घरातले झोपले की हे रेकॉर्ड करतो. तर मला वाटलं, चला, या प्रश्नाला एका गोष्टीतून उत्तर देऊ. गोष्ट सापडलीही. शिकागोचा एक पियानोवादक, जिमी यान्सी. पंचवीस वर्षं बेसबॉलच्या मैदानाची देखभाल करण्याची नोकरी केली, आणि त्याच काळात ज्याच्या वाजवण्यावरून इतरांनी एक आख्खी शैली उचलली असा माणूस. स्क्रिप्ट तयार होती, शेवट ठरला होता, नोकरी आणि कला हातात हात घालून वगैरे. मग थोडं जास्त वाचलं आणि ती स्क्रिप्ट फेकून द्यावी लागली. का, ते येईलच.

जिमीचा जन्म शिकागोचा, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातला. वडील गिटार वाजवायचे, गायचे, तेव्हाच्या व्होडव्हिल कंपन्यांमधून. व्होडव्हिल म्हणजे गाणी, नाच, नकला, जादू, सगळं एकाच तिकिटात. पोरगं सहा-सात वर्षांचं असताना स्टेजवर चढलं ते गायला आणि टॅप डान्स करायला. पियानो नाही. या कंपन्यांबरोबर तो अमेरिका फिरला, युरोपही फिरला. लंडनला राजे पंचम जॉर्ज यांच्यासमोर नाचला, असं त्याच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. हे तेच पंचम जॉर्ज, ज्यांच्या १९११ च्या भेटीची आठवण म्हणून आपल्याकडे गेट वे ऑफ इंडिया उभं आहे.

आणि मग विशीतच, १९१५ च्या सुमारास, तो शिकागोला परत आला आणि तिथेच राहिला. मोठा भाऊ अलॉन्झो रॅगटाइम पियानो वाजवायचा, त्याचं बघून-बघून जिमी पियानोला बसला. बाकी स्वतःच्या स्वतः. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो बेसबॉलही खेळायचा, कृष्णवर्णीय खेळाडूंच्या एका संघात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९२५ मध्ये त्याला कोमिस्की पार्कमध्ये नोकरी लागली. शिकागो व्हाइट सॉक्स या मोठ्या संघाचं हे मैदान. काम म्हणजे गवत, माती, पाणी मारणं, रेषा आखणं. वानखेडेवर पाऊस आला की कव्हर्स ओढत पळणारी माणसं आपण टीव्हीवर बघतो ना, कॅमेरा त्यांच्यावर चार सेकंद थांबतो आणि जाहिरात लागते. त्यातला एक. १९२५ ते १९५०.

मग पियानो कुठे? घरभाड्याच्या पार्टीत.

ही भानगड समजून घ्या, कारण हे संगीत क्लबपेक्षा तिथेच जास्त वाढलं. दक्षिणेकडच्या राज्यांतून लाखो कृष्णवर्णीय माणसं कामासाठी शिकागोत येत होती. त्यांना शहराच्या साउथ साइड या भागातच घरं मिळायची, बाकीकडे दारं बंद. जागा कमी, माणसं जास्त, त्यामुळे भाडं चढं. मग महिनाअखेर आली की एखादं कुटुंब घरात पार्टी ठेवायचं. दारात थोडे पैसे घ्यायचे, आत खायला काहीतरी, आणि दारूबंदीचा काळ असल्यामुळे घरी पाडलेली दारू. आणि एक पियानोवाला. त्याला जेवण, पेला आणि लोक देतील ते. सकाळपर्यंत भाड्याचे पैसे जमले की काम झालं. आपल्याकडच्या भिशीला नाच आणि पियानो जोडा, साधारण तसं.

अशा घरात माइक नाही, ड्रम नाही, बास नाही. शे-दीडशे पावलं जमिनीवर आपटतायत आणि वाजवायला दोन हात. म्हणून डाव्या हाताला ठेका धरावाच लागतो. ढोलकीही तोच, तंबोराही तोच. उजवा हात वर बसून गप्पा मारतो. त्यालाच पुढे बूगी-वूगी नाव पडलं. बहुतेक बूगीवाले डावा हात रेल्वेसारखा चालवतात, एका मापात आठ ठोके, न थांबता. जिमीचं तसं नाही. त्याच्या कितीतरी तुकड्यांत डाव्या हातात फटी आहेत. आठ ठोक्यांचे तीन, तीन, दोन असे तुकडे पडतात, मध्येच एक जागा रिकामी राहते आणि तुम्ही नकळत त्या जागेची वाट बघायला लागता. आवाजही हळू. धावत नाही, दमात नाही. पार्टीच्या गोंगाटात हे कसं चालायचं कोण जाणे, पण चालायचं, आणि दोन पोरं ते कान देऊन ऐकत होती.

एक मीड लक्स लुईस, दुसरा अल्बर्ट अ‍ॅमन्स. दोघं टॅक्सी चालवायचे. ही पुढची पिढी, आणि दोघांनी जिमीकडून उचललं हे त्यांनी कधी लपवलं नाही.

आता तारखा बघा. लुईसची पहिली रेकॉर्डिंग १९२७ ची. पाइनटॉप स्मिथ नावाच्या तरुणाने १९२८ च्या डिसेंबरात बूगी-वूगी हे नाव घातलेली गाजलेली रेकॉर्ड केली आणि १९२९ च्या मार्चमध्ये एका नाचघरात गोळी लागून गेला, चोविसाव्या वर्षी. १९३६ मध्ये लुईसने एक तुकडा रेकॉर्ड केला, त्याचं नावच 'यान्सी स्पेशल'. सरळ गुरुदक्षिणा. १९३८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये लुईस, अ‍ॅमन्स आणि पीट जॉन्सन वाजले आणि देशभर बूगी-वूगीची लाट आली.

तोवर जिमी यान्सीची एकही रेकॉर्ड नव्हती. एकही नाही. ज्याच्या नावाचा तुकडा बाजारात आहे, तो माणूस सकाळी मैदानावर पाणी मारतोय.

लाट आल्यावर लोक विचारायला लागले, हा यान्सी कोण? १९३९ मध्ये सोलो आर्ट या छोट्या कंपनीने त्याला पहिल्यांदा रेकॉर्ड केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हिक्टर या बड्या कंपनीने. 'स्टेट स्ट्रीट स्पेशल', 'यान्सी स्टॉम्प', 'फाइव्ह ओक्लॉक ब्लूज' हे तेव्हाचे. वय चाळिशीच्या आसपास. पुढच्या वर्षी आणखी काही, त्यात एकाचं नाव 'थर्टी-फिफ्थ अँड डियरबॉर्न'. हा साउथ साइडचा एक चौक आहे. गंमत अशी की कोमिस्की पार्कही त्याच पस्तिसाव्या रस्त्यावर. जगभर फिरून आलेल्या माणसाचं नंतरचं आयुष्य जवळजवळ एका रस्त्यावर गेलं.

१९४३ मध्ये सेशन नावाच्या कंपनीसाठी त्याने बायकोबरोबर रेकॉर्डिंग केलं. एस्टेल यान्सी, सगळे तिला मामा यान्सी म्हणायचे. आवाज कोरडा, सरळ, जराही नटवेपणा नाही. मला विचाराल तर जिमी एकटा ऐकण्यापेक्षा तिच्यामागे वाजवताना ऐकावा. तो तिच्या ओळीला हात लावत नाही. ती श्वास घेते तिथे दोन स्वर ठेवतो, बस.

१९४८ मध्ये दोघं कार्नेगी हॉललाही जाऊन आले. आणि नोकरी? चालू.

आता माझी स्क्रिप्ट का फेकली ते सांगतो.

मी समजत होतो की हा माणूस मजेत होता. दिवसा पगार, रात्री पियानो, प्रसिद्धीची हाव नाही. मग एका साध्या गोष्टीकडे लक्ष गेलं. तो ज्या मैदानाची निगा राखत होता, त्या मैदानावर व्हाइट सॉक्सकडून त्याच्या वर्णाचा एकही माणूस खेळू शकत नव्हता. मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना घेतच नव्हते. त्यांच्या वेगळ्या लीग होत्या. १९३३ पासून त्यांचा ऑल-स्टार सामना कोमिस्की पार्कमध्येच भरायचा, म्हणजे मैदान भाड्याने मिळायचं, संघात जागा मिळायची नाही. १९४७ च्या जुलैमध्ये लॅरी डोबी क्लीव्हलँडकडून पहिल्यांदा उतरला, अमेरिकन लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, आणि तो सामना होता याच मैदानावर. जिमी तेव्हा नोकरीत होता. व्हाइट सॉक्सने स्वतःच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, क्यूबाचा मिनी मिन्योसो, उतरवला १ मे १९५१ ला. जिमीची नोकरी १९५० ला संपली होती.

आणि जिमी स्वतः बेसबॉल खेळलेला माणूस. पंचवीस वर्षं दुसऱ्यांसाठी रेषा आखत होता.

त्याला काय वाटत होतं हे मी सांगणार नाही, त्याच्या तोंडी काही घालणं बरोबर नाही. पण "बघा, त्याने नोकरी आणि कला दोन्ही सांभाळलं" असं एसीत बसून म्हणणं मला जमेना. माझ्यासमोर निवड आहे. राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये पडलाय, पाठवायचा की नाही ते मी ठरवणार. मंदीच्या वर्षांत साउथ साइडच्या माणसाला दर आठवड्याला पगार मिळणं ही चैन होती, आणि पियानोवाल्याच्या कमाईचा भरवसा काय, ते वर सांगितलंच. लुईसचंच बघा. १९२७ ला रेकॉर्ड करूनही १९३५ मध्ये जॉन हॅमंड हा संगीत निर्माता त्याला शोधत आला तेव्हा तो गाड्या धूत होता.

दुसरी गोष्ट कोर्टातली. तुमच्यापैकी जे बीट्स बनवतात त्यांनी इथे कान टवकारा. १९४८ मध्ये सनी थॉम्प्सनचं 'लाँग गॉन' हे गाणं कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिल्या नंबरला गेलं. न्यूयॉर्कच्या एका प्रकाशन कंपनीने दावा लावला की यातला बास 'यान्सी स्पेशल' मधून उचललाय. प्रकरण शिकागोच्या फेडरल कोर्टात गेलं, १९५० मध्ये निकाल लागला. न्यायाधीश म्हणाले की हा बास इतका साधा आहे की त्यावर कॉपीराइट लागूच शकत नाही. शिवाय नोंदणी करायच्या आधीच रेकॉर्ड विकल्यात, म्हणजे हक्क तुम्ही आधीच सोडलाय.

भांडत कोण होतं बघा. 'यान्सी स्पेशल' चे हक्क घेतलेली प्रकाशन कंपनी आणि 'लाँग गॉन' काढणारी रेकॉर्ड कंपनी. ज्याचं नाव त्या तुकड्यावर आहे तो वादी नाही, प्रतिवादीही नाही.

"साधा बास." वाचून मी हसलो आणि मग चिडलो. कायद्याच्या बाजूने बघितलं तर निकाल चूकही म्हणवत नाही, चार-पाच स्वरांवर कोणाची मालकी असली तर उद्या कोणी गाणंच करू शकणार नाही. लावणीच्या ठेक्यावर कोणी मालकी सांगितली तर? पण माझ्या ओळखीच्या एका कीबोर्डवाल्याला मी म्हटलं, हा साधा बास वाजवून दाखव. स्वर दहा मिनिटांत बसले. ती रिकामी जागा दोन आठवड्यांनी पण बसली नव्हती. तो प्रत्येक वेळी लवकर यायचा.

१९५१ च्या जुलैमध्ये अटलांटिक कंपनीने जिमीला रेकॉर्ड केलं. सोबत मामा यान्सी, आणि बासवर इझ्रायल क्रॉस्बी. जिमीला मधुमेह होता, तब्येत खालावलेली. ऐकताना ते कळत नाही, किंवा कळतं ते फक्त इतकंच की तो आणखी हळू झालाय. दोन महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९५१ ला तो गेला.

मामा यान्सी नंतर पस्तीस वर्षं जगली. गात राहिली, ऐंशी ओलांडल्यावरही रेकॉर्डिंग केलं. १९८६ च्या जानेवारीत रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये पहिल्यांदा नावं दाखल झाली, तेव्हा ज्यांच्यापासून हे सगळं आलं अशा तीन पूर्वसुरींची नावं पहिल्याच यादीत होती: रॉबर्ट जॉन्सन, जिमी रॉजर्स आणि जिमी यान्सी. ती तेव्हा हयात होती. एप्रिलमध्ये गेली, नव्वदाव्या वर्षी.

कोमिस्की पार्क १९९१ मध्ये पाडलं. त्या जागी आता नव्या स्टेडियमचं पार्किंग आहे. फलंदाज उभा राहायचा ती जागा एका फरशीने दाखवलीय, बाकी डांबर.

कुठून सुरुवात करायची, असं विचारणार असाल तर 'स्टेट स्ट्रीट स्पेशल' ने करा, मग मामाबरोबरची 'हाऊ लाँग ब्लूज'. जुन्या रेकॉर्डची खरखर पहिल्या मिनिटात विसराल. आणि एक विनंती, शेवटचे दोन-तीन सेकंद पुढे ढकलू नका. या गड्याची एक खोड होती. तुकडा कुठल्याही पट्टीत वाजत असो, तो शेवट करायचा ई फ्लॅटमध्ये. आपल्याकडचे पेटीवाले काळी दोन म्हणतात ती. पांढरी पाचमध्ये सगळं छान चाललेलं असतं आणि अचानक, काही संबंध नसताना, माणूस काळी दोनमध्ये जाऊन दार लावून घेतो. जाणकारांनी यावर बरंच लिहिलंय. मला पहिल्यांदा वाटलं की फाइल खराब आहे, म्हणून परत डाउनलोड केली.

तर ऐका, आणि तुमच्या फोनवर डावा हात ऐकू आला का ते मला कळवा. त्या नोकरीच्या प्रश्नाचे मेसेजही पाठवत राहा, ड्राफ्ट अजून उघडाच आहे. भेटू पुढच्या रविवारी.