सुकडी, मिलो आणि कामाचा हक्क



सिन्नर, येवला, नांदगावकडच्या जुन्या माणसांत बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला, की खडी फोडण्याचे काम, सुकडी आणि अमेरिकेहून आलेली लाल मिलो यांची आठवण हटकून निघते. जनावरांच्या तोंडचे धान्य खाल्ले, हे सांगताना आवाज आजही खाली येतो.

आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्यावरील रोगाने दुष्काळ पडला. मदतकामांवर बांधलेले, कोठेच न पोहोचणारे रस्ते तेथील लोकस्मृतीत आहेत. सूपासाठी धर्म सोडणाऱ्यांना लागलेला कलंकही पिढ्यान्‌पिढ्या टिकला. भुकेइतकाच उपकाराचा घासही माणसाच्या ध्यानात राहतो.

महाराष्ट्रात मात्र एक फरक पडला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. त्यांनी मोर्चे काढून काम, मजुरी आणि धान्य मागितले. या रेट्याचा १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात मोठा वाटा आहे; २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

कार्यकर्त्यांनी या आठवणी गावोगाव टिपून घ्याव्यात. हक्क कसा मिळाला हे विसरणाऱ्या समाजाला तो पुन्हा उपकार म्हणूनच पत्करावा लागतो.