गाईचं रक्त काय सांगतं



‘तू नक्की काय करतेस ते एकदा सांगच’ म्हणून संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मी इंजिनीअर, डॉक्टर नाही. जनावरांच्या रक्तपेशी मोजणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर आमची टीम लिहिते. इथे शहापूर-मुरबाडच्या कितीतरी घरांत अजून गोठा आहे, तेव्हा कोडिंग बाजूला ठेवते.

यंत्र पेशी ओळखतं ती मुख्यतः आकारावरून. गोम तिथेच आहे. माणसाची लाल पेशी ८० ते १०० फेम्टोलिटरची, शेळीची जेमतेम १६ ते २५. माणसांसाठी लावलेल्या यंत्रात शेळीचं रक्त घातलं, की बऱ्याच लाल पेशी प्लेटलेटमध्ये जमा होतात. कोंबडीच्या लाल पेशीला केंद्रक असतं, म्हणून यंत्र तिला पांढरी समजतं. गाईचं हिमोग्लोबिन ८ ते १५ चालतं. आपल्यापैकी एखादीच्या रिपोर्टवर ९ आलं, तर लगेच लोहाच्या गोळ्या सुरू होतील. गाय मात्र ९ वर मजेत दूध देते.

पांढऱ्या पेशींचं त्याहून अवघड. कुत्र्याला मोठा जंतुसंसर्ग झाला की न्यूट्रोफिल भराभर वाढतात. गाईच्या अस्थिमज्जेत त्यांचा साठाच थोडा. त्यामुळे जोराचा कासदाह झाला, की पहिल्या एक-दोन दिवसांत त्या उलट घटतात. ‘पेशी वाढलेल्या नाहीत, म्हणजे काही नाही’ असं त्या दिवशी कोणी म्हणालं, तर ऐकू नका.

आता आपल्याकडचा खरा शत्रू, गोचीड ताप. म्हसा यात्रेच्या बाजारातून नवं जनावर आलं की त्याच्यासोबत गोचीडही येऊ शकतो. संकरित गाईला याचा त्रास जास्त. थायलेरिया आधी पांढऱ्या पेशीत शिरतो, खांद्यापुढची गाठ सुजते, मग तो लाल पेशीत येतो. बबेसिया लाल पेशी रक्तातच फोडतो, म्हणून लघवी लाल होते. ॲनाप्लाझ्मात लघवी लाल होत नाही, कारण पेशी प्लीहेत वगैरे मोडतात. काचेवर पेशीच्या कडेला फक्त एक ठिपका दिसतो. ताप तिन्हींत, औषधं मात्र वेगळी. थायलेरियाला ब्युपार्व्हाक्वोन लागतं, आणि ते स्वस्त नाही.

अशा वेळी नुसता आकडा फसवतो. तापलेली गाय पाणी पीत नाही, रक्त दाट होतं आणि ॲनिमिया झाकला जातो. दोरीने ओढत टेम्पोत चढवलेल्या जनावराची प्लीहा आकसते, साठवलेल्या लाल पेशी रक्तात येतात, आकडा आणखी छान दिसतो. (माणसांचं ब्लडप्रेशरही दवाखान्यातच वाढतं, तसंच काहीसं.)

म्हणून काचेवरचा रक्ताचा थर रंगवून डोळ्यांनी बघायचाच. परळचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली सुरू झालं. तिथे शिकलेले डॉक्टर आमच्या यंत्राचा आकडा बघतात आणि तरीही काच मागतात. पूर्वी मला याचं नवल वाटायचं, आता मीही मागते. गाईच्या लाल पेशीत निळे ठिपके दिसले, तर मज्जा नव्या पेशी घाईने बाहेर सोडते आहे, म्हणजे आशा आहे. हेच ठिपके कुत्र्यात दिसले, तर पोटात शिसं गेलं का, हे तपासावं लागतं. काच सारखी, ठिपके सारखे, अर्थ अगदी निराळा.

गोठा असणाऱ्यांनी एवढं करा. ताप आला की इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांना कानाच्या टोकाचं रक्त काचेवर घ्यायला सांगा. काच हवेत वाळवा, माश्या बसू देऊ नका. नळी जांभळ्या टोपणाचीच हवी. कागदावर गाय की शेळी, वय, गाभण आहे का, तापाचा कितवा दिवस, आधी कोणतं औषध दिलं, हे सगळं लिहा. आणि प्रयोगशाळेला विचारा, यंत्र कोणत्या जनावरासाठी लावलंय? उत्तर द्यायला त्यांनी वेळ घेतला, तर नमुना दुसरीकडे न्या.

मायक्रोस्कोप मी गाडीतून आणलाय. जेवणानंतर वर्गात लावते, थायलेरियाच्या दोन काचा आहेत. बाई, पहिला नंबर तुमचा.