पाकिटाच्या मागची ओळ

आधी मीच एक प्रश्न विचारते. गेल्या एकादशीला तुमच्यापैकी कितीजणांनी भगर खाल्ली? बरेच हात वर आहेत. आता ती भगर कुठल्या जिल्ह्यात पिकली, हे कितीजणांना ठाऊक आहे? बघा, हात खाली गेले.

मी जबलपूरची. माझ्या मराठीत मधूनमधून हिंदी डोकावेल, ती चालवून घ्या. आमच्याकडची काही मराठी घरं फार जुनी आहेत. १७९८ मध्ये पेशव्यांनी नर्मदेकाठचा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांना दिला आणि १८१७ च्या अखेरीस तो इंग्रजांकडे गेला. नंतर कुणी कचेरीत आलं, कुणी रेल्वेत, कुणी गन कॅरेज फॅक्टरीत. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. तरी गोडा मसाला आणि मेतकूट आमच्या गावच्या दुकानात कधी मिळालं नाही. पुण्या-नागपूरहून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीतून ते यायचं, आणि भगरही त्याच पिशवीतून यायची. नाशिकची. छान पांढरी, निवडलेली.

रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत माझा छोटा कारखाना आहे. मी कोदो आणि कुटकी साफ करते, सडते आणि पाकिटात भरते. आमच्या पूर्वेला मंडला आणि डिंडोरी हे जिल्हे आहेत, गोंड आणि बैगा वस्तीचे. तिथल्या उतारावरच्या हलक्या जमिनीत ही धान्यं पिकतात. महाराष्ट्रात तुम्ही जिला वरई म्हणता, ती आणि आमची कुटकी एकच. वर्षानुवर्षं डिंडोरीचा माल ट्रकने नाशिकच्या भगर मिलमध्ये जायचा, आजही जातो, कारण बारीक धान्य सडायची यंत्रं आणि ते कसब तिथे आहे. म्हणजे पाहुण्याच्या पिशवीतून आमच्या घरी येणारी भगर कदाचित आमच्याच शेजारच्या जिल्ह्यातली असायची. नाशिकला जाऊन, गोरी होऊन माहेरी परत यायची.

मग आमच्या शहरातल्या बंगल्यांच्या वस्तीत एका साखळीचं दुकान उघडलं. नाव सांगत नाही, तुम्ही ओळखलंत तर तुमचं कौतुक. काचेचं दार, मंद दिवे, ऑलिव्हचं तेल, सात प्रकारचे मध आणि एका फळीवर 'मिलेट्स'. जबलपूर हे पगारी शहर आहे. हायकोर्ट, पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय, संरक्षण कारखाने, डॉक्टर, प्राध्यापक. अशा दुकानाला नेमकं हेच गिऱ्हाईक लागतं.

ही कल्पना काही कालची नाही. अमेरिकेत जो कूलोम नावाच्या गृहस्थांनी १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनात ट्रेडर जोज सुरू केलं. त्यांच्या डोळ्यांपुढचा माणूस शिकलेला, चार देश पाहिलेला, पण फार पैसेवाला नसलेला होता. शाळामास्तर, वादक, पत्रकार असा. ज्यांची मुलं-भाचरं तिकडे आहेत त्यांना हे दुकान माहीत असेल. तिथल्या फ्रीजरमध्ये आपल्याकडची पनीरची भाजीसुद्धा मिळते. १९७९ मध्ये जर्मनीच्या आल्डीवाल्या थिओ आल्ब्रेख्तनी ते विकत घेतलं. त्या दुकानाचं खरं वैशिष्ट्य म्हणजे बहुतेक माल त्यांच्या स्वतःच्या नावाने विकला जातो, आणि तो बनवतो कोण हे गिऱ्हाइकाला सहसा कळत नाही. आपल्याकडे गोदरेजचं नेचर्स बास्केट २००५ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि २०१९ मध्ये ते स्पेन्सर्सला सुमारे ३०० कोटींना विकलं गेलं. आणि गंमत बघा, डीमार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये उघडलं तेही पवईतच, चांगल्या सुखवस्तू उपनगरात. फक्त तिथे गिऱ्हाईक आलं ते चार पैसे वाचवायला. श्रीमंत वस्तीतला माणूस कधी काय विकत घ्यायला बाहेर पडेल, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

मला अशी दुकानं आवडतात, हे स्पष्टच सांगते. आमच्या गोलबाजारच्या वाण्याबद्दल मला माया आहे, तो महिनाभर उधारी ठेवतो, आजारपणात माल घरी पाठवतो. पण त्याच्याकडे कुटकीचं पोतं उघडं असतं. सडलेली कुटकी दमट हवेत लवकर खवट होते, पोरकिडे लागतात, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं, हे धान्यच वाईट. साखळीवाल्यांनी माझ्याकडून ओलाव्याचं प्रमाण लिहून मागितलं, हवाबंद पाकीट मागितलं.

प्रयोगशाळेचा दाखलाही मागितला, आणि त्याला कारण होतं. २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस बांधवगढच्या जंगलात तीन दिवसांत दहा हत्ती मेले. तपासणीत सायक्लोपियाझोनिक आम्ल सापडलं. बुरशी लागलेल्या कोदोत तयार होणारं हे विष. कोदो वाईट नसतो. कापणीच्या वेळी पाऊस लागला आणि धान्य ओलं राहिलं की बुरशी धरते. डिंडोरीतल्या म्हाताऱ्या बायका असा कोदो ओळखतात आणि बाजूला काढतात. कोकणात याच धान्याला हरीक म्हणतात आणि हरीक चढतो, हे तिथल्या जुन्या माणसांनाही माहीत आहे. पण पाकीट विकत घेणाऱ्या माणसाला ते कसं माहीत असणार? त्याच्यासाठी दाखलाच हवा. मी तो खर्च आनंदाने केला.

अडलं ते पुढे. खरेदी बघणारा मुलगा हुशार होता, माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, "मॅडम, दोन गोष्टी. पेमेंट साठ दिवसांनी. आणि पाकिटावर नाव आमचं."

पैशांचं आधी सांगते. डिंडोरीत आठवडी बाजार भरतो. बाई डोक्यावर कुटकी घेऊन येते आणि संध्याकाळी मीठ, तेल, पोरांच्या वह्या घेऊन परत जाते. तिला त्याच दिवशी रोख लागतात. मला माल आणून, वाळवून, सडून, भरून द्यायला पंधरा-वीस दिवस जातात. त्यावर साठ. म्हणजे माझे पैसे अडीच महिन्यांहून जास्त अडकणार आणि बँक व्याज घेणार. हे व्याज द्यायचं कुणी? मोठा दुकानदार देत नाही. मी नाही दिलं तर ते बाजारातल्या बाईच्या भावातून कापलं जातं. ते कापलं गेल्याचं तिला कळतही नाही.

यावर कायदा आहे. २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा म्हणतो की लेखी करार असला तरी माझ्यासारख्या नोंदणी केलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण कोण छोटा माणूस मोठ्या गिऱ्हाइकाकडे व्याज मागायला जातो? पुढचं वर्ष घालवायचं असेल त्याने जावं. खरा फरक पडला तो २०२३ च्या अर्थसंकल्पात आयकर कायद्यात झालेल्या बदलाने: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर देईपर्यंत तो खर्च खरेदीदाराला करातून वजा करता येत नाही. मी त्या मुलापुढे उद्यम नोंदणीचा कागद ठेवला. दोन दिवसांनी त्यांच्या हिशेब खात्याचा फोन आला, पंचेचाळीस चालतील. इथे बसलेल्या लघुउद्योजकांनी हा कागद खिशातच ठेवावा.

नावाचं अवघड होतं. तसं बघितलं तर पाकिटावर माझा अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक छापावा लागतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मी तिथे आहे, चौदा आकड्यांत. डिंडोरी मात्र कुठेच नाही. आणि माझं भांडण त्यासाठी होतं. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या शेजारच्या गाडरवाऱ्याची तूरडाळ आणि करेलीचा गूळ गिऱ्हाईक गावाचं नाव घेऊन मागतं, आणि नाव घेऊन मागितलं की शेतकऱ्याला भाव सांगता येतो. कुटकीला केंद्राचा हमीभाव नाही. भरडधान्यांत तो ज्वारी, बाजरी, नाचणीला आहे. २०२४ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाची बैठक जबलपुरात झाली तेव्हा कोदो-कुटकीला किलोमागे दहा रुपये प्रोत्साहन जाहीर झालं, राणी दुर्गावतीच्या नावाने. चांगली गोष्ट आहे. पण जाहीर झालेली रक्कम आणि बाजारात हातावर पडलेली रोकड यांत अंतर असतं. गिऱ्हाइकाने नाव घेऊन मागितलेल्या मालाचा भाव निदान दर आठवड्याला तरी मिळतो.

तो मुलगा म्हणाला, "मॅडम, आज डिंडोरी छापलं आणि उद्या माल दुसरीकडून घ्यायचा झाला तर पाकिटं फेकायची का?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी म्हटलं, समोर तुमचं नाव मोठ्ठं टाका, माझी हरकत नाही. मागे एक ओळ द्या. आणि ती ओळ आहे तोवर माल तिथलाच घ्यायचा, हेही लिहून द्या. महिना-दीड महिना ते अडून बसले. त्या काळात मी दुसऱ्याला माल दिला, थोडा स्वस्तातच. शेवटी ओळ आली. अक्षर इतकं बारीक की मला चष्मा लावावा लागतो.

पहिली पाकिटं घेऊन मी गावात गेले. तिथल्या बचत गटाच्या बायका मला दीदी म्हणतात. एकीने ओळ मोठ्याने वाचली, बाकीच्या हसल्या. दुसरीने पाकीट उलटंसुलटं करून किंमत शोधली आणि विचारलं, "दीदी, इसमें हमारा कितना?"

मी तिथेच बसून हिशेब मांडला. शंभर किलो कुटकी सडली की साठ-पासष्ट किलो हाती येते, बाकी टरफल आणि कोंडा. ते धरून, पाकिटाच्या शंभर रुपयांत तुमचे साधारण बत्तीस. दुकानाचे तीस. साफ करणं, सडणं, भरणं, तपासणी आणि वाहतूक पंचवीस. जीएसटी जवळपास पाच. उरलेल्या आठांत व्याज, तूटफूट आणि मी. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ते पंचवीस आहेत ना, त्यातलं सडणं आम्ही इथेच केलं तर?

म्हणजे माझ्या कारखान्यातलं अर्धं काम. मी तिला हो म्हटलं. कारण तिचा हिशेब बरोबर होता, आणि ओलं धान्य ट्रकमध्ये घालण्यापेक्षा ते गावातच वाळलेलं बरं. सध्या गटातल्या दोघीजणी रिछाईला येऊन आठ आठ दिवस राहतात आणि माझ्या यंत्रावर हात बसवतात. छोटं यंत्र घ्यायला त्यांनी कर्जाचा अर्ज भरला आहे. यंत्र त्यांना पसंत आहे. आवाज फार करतं आणि त्यात गाता येत नाही, एवढी एकच तक्रार.