नाव-नंबर सगळ्यात शेवटी

जर्सीचा माल उशिरा पोहोचला की पहिलं खापर फुटतं शिलाई विभागावर. बिचारे कारागीर! पुष्कळदा घोळ आधीच, काय किती मागवायचं हे ठरवतानाच झालेला असतो.

अमेरिकेतल्या एनएफएल या फुटबॉल लीगच्या जर्सींचे हक्क 2000 नंतरच्या दशकात रीबॉक या कंपनीकडे होते. शिलाई व्हायची मध्य अमेरिकेत. माल हाती यायला महिने लागायचे. इकडे भर हंगामात एखादा नवखा खेळाडू रातोरात गाजायचा, नाहीतर जुना खेळाडू संघ बदलायचा. दुकानदारांना नव्या नावाची जर्सी आत्ता हवी, आणि गोदामात जुन्या नावांचे ढीग!

मग कंपनीनं संघाच्या रंगातल्या कोऱ्या जर्सी अमेरिकेतच, इंडियानापोलिसच्या गोदामात साठवल्या. छपाईची सोयही तिथंच. ऑर्डर आली की पाठीवर नाव-नंबर चढवायचा आणि माल रवाना. कोरी जर्सी संघातल्या कुणाच्याही नावानं खपते, छापलेली मात्र एकाच्याच.

अर्थात अमेरिकेतली छपाई महाग. म्हणून हमखास खपणाऱ्या बड्या खेळाडूंच्या जर्सी परदेशातूनच छापून यायच्या. कोऱ्या किती मागवायच्या आणि छापलेल्या किती, खरी मेख तिथंच होती.