ट्रॅक्टर ऑइल का खातो?



मृग बहाराची फवारणी चालू आहे, तेल्याची धास्ती आहे, आणि ब्लोअर ओढणारा ट्रॅक्टर निळा धूर सोडतोय. सांगोल्याच्या डाळिंबवाल्याची यापरीस मोठी पंचाईत कुठली? गॅरेजात गेलं की पहिलं कानावर येतं, 'इंजिन खोलावं लागंल.' जरा दमानं घ्या. खोलण्याआधी घरीच बरंच कळतं.

आधी पाहा, ऑइल जळतंय का गळतंय. रात्री इंजिनाखाली कोरा पुठ्ठा सरकवा, सकाळी डाग पाहा. धूर काळा असेल तर ते ऑइल नव्हे. डिझेल जास्त पडतंय किंवा हवा कमी मिळतेय. निळसर धूर मात्र ऑइलचाच. पट्टी पाहायची ती सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी. काही जण प्रेमापोटी खुणेच्या वर ऑइल भरतात. ते जादा ऑइलही जळतं. किती तासांमागं किती ऑइल घातलं, ते वहीत लिहा.

आता धूर कधी येतो ते पाहा. सकाळी चालू करताना भपकारा येऊन नंतर थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या गाईडवर किंवा सीलवर घ्यावा. हे काम हेड उतरवून भागतं. ओढीवर सारखा धूर येतो आणि ब्रीदरच्या नळीतूनही फकफक वाफ येते, तर रिंगा-लायनर झिजल्याचं लक्षण. पण त्याआधी ब्रीदर धुळीनं तुंबला नाही ना, हे तपासा. तुंबला की आत दाब वाढतो आणि ऑइल वर ढकललं जातं. तो डिझेलनं धुतला की कधीकधी एवढ्यावरच निभावतं.

तरीही शंका राहिली तर मिस्त्रीला कॉम्प्रेशन मोजायला सांगा. सिलिंडरात थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजल्यावर दाब वाढला, तर रिंगा गेल्या. वाढला नाही, तर बहुधा व्हॉल्व्ह. हे घरी करू नका. डिझेल इंजिनात ऑइल जास्त पडलं तर मोडतोड होते.

रिंगा खरंच गेल्या असतील, तर त्या कशानं गेल्या हेही विचारा. आपल्याकडं बहुतेक वेळा धुळीनं. एअर क्लीनरच्या वाटीतलं ऑइल गढूळ झालं की बदला, खुणेपर्यंतच भरा. क्लीनरपासून इंजिनाकडं जाणारी रबरी नळी वाकवून पाहा. तिला चीर असेल तर नवी नळी आधी बसवा, रिंगा मागून.